फायटरची रात्र

फायटर पाळणाऱ्या नव्या माणसाला पहिली धडकी बहुतेक वेळा रात्रीच भरते. दिवसभर टाकीत मिरवणारा, काचेपाशी बोट नेलं तरी कल्ले फुलवून अंगावर येणारा हा मासा रात्री दिवा लावून पाहावं तर एका कुशीवर, पान आणि काच यांच्या फटीत अडकल्यासारखा पडलेला असतो. रंग उतरलेला, पर सैल, डोळे मात्र टक्क उघडे. मेलाच असं समजून टाकीत जाळी घातली जाते, आणि जाळीचा स्पर्श होताच मासा उसळी मारून समोरच्या काचेवर आदळतो. तो मेलेला नसतो, आजारीही नसतो. तो झोपलेला असतो.

याच्या उलट चूकही तितकीच होते आणि ती जास्त महागात पडते. दिवसाढवळ्या तळाशी पडून राहिलेल्या माशाकडे पाहून ‘फायटर आळशीच असतात, झोपला असेल’ असं म्हणून सोडून दिलं जातं, आणि माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया किंवा गारठा आपलं काम करत राहतो. झोप आणि आजार यांतला फरक एखाद्या सुट्या लक्षणावरून कळत नाही. आपल्या माशाचा रोजचा दिवस कसा जातो हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि तो दिवस रोज साधारण सारखा जाईल अशी सोय आपण करून दिलेली असावी लागते. पाणी बदलण्याइतकंच या गोष्टीला महत्त्व आहे असं माझं ठाम मत आहे. टाकी, दाणे, औषधं यांवर भरपूर बोललं जातं. रात्रीबद्दल क्वचितच कुणी विचारतं.

माशाला पापण्या नसतात, त्यामुळे मिटलेले डोळे ही आपल्या सवयीची खूण इथे कामाची नाही. माशाची झोप ओळखायची ती वागण्यावरून. हालचाल थांबते. मासा आपल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या पवित्र्यात जातो. जागेपणी सावली हलली तरी गर्रकन वळणारा हाच मासा आता उशिरा आणि अर्धवट प्रतिसाद देतो. जागा झाला की मात्र थोड्याच वेळात पूर्ण ताळ्यावर येतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण झोप आणि ग्लानी यांना वेगळं करणारी खूण तीच.

झोपेचा सखोल अभ्यास फायटरपेक्षा झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशावर कितीतरी जास्त झाला आहे, कारण झेब्राफिशची पिल्लं पारदर्शक असतात आणि जिवंत मेंदूचं काम सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पिल्लांच्या मेंदूत झोपेच्या दोन वेगवेगळ्या अवस्था आढळल्या. एक आपल्या गाढ झोपेशी, दुसरी आपल्या स्वप्नांच्या झोपेशी मिळतीजुळती. स्नायू सैल आणि हृदयाची गती मंदावलेली. त्याआधी २००७ साली आणखी एक गोष्ट दिसली होती: मोठ्या झेब्राफिशना रात्रंदिवस उजेडात ठेवलं की त्यांची झोप जवळजवळ नाहीशीच होते. फायटर वेगळा मासा आहे, पण दिवसा जागणारा आणि रात्री झोपणारा हा त्याचाही स्वभाव. त्यामुळे टाकीचा दिवा रात्रभर चालू ठेवणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्ष मनावर घ्यावा.

यामागचं कारण माशाच्या डोक्यात आहे, अगदी शब्दशः. कवटीच्या वरच्या भागाखाली पिनियल ग्रंथी असते. माणसात या ग्रंथीला उजेडाची बातमी डोळ्यांकडून मिळते. माशात ही ग्रंथी स्वतःच उजेड ओळखते. अंधार पडला की ती मेलाटोनिन हे झोपेच्या तालाशी जोडलेलं संप्रेरक सोडू लागते, उजेड आला की थांबवते. टाकीचा दिवा बरोबर वरून, माशाच्या टाळूवरच पडतो. झोपलेल्या माशाचा रंग फिका पडतो त्यातही मेलाटोनिनचा वाटा असतो: अनेक माशांमध्ये त्याच्या प्रभावाने त्वचेच्या काळ्या रंगपेशींमधले कण पेशीच्या मध्याकडे गोळा होतात आणि अंग फिकट दिसतं. मादीच्या किंवा कोवळ्या फायटरच्या अंगावर अशा वेळी आडवे पट्टेही उमटतात. तेच पट्टे भीतीनेही उमटतात, म्हणून मध्यरात्री पट्टे पाहून घाबरू नये आणि भरदुपारी ते कायम दिसत असतील तर दुर्लक्ष करू नये. दिवा लागल्यावर थोड्या वेळात रंग परत भरतो. तासाभराने तसाच फिका राहिला तर मात्र कारण शोधायला लागावं.

फायटरच्या झोपेत एक अडचण असते, जी बहुतेक माशांना नसते. त्याला हवा लागते. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत लॅबिरिंथ नावाचा घड्याघड्यांचा अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन तिथून रक्तात जातो. कल्ले असतात, पण मोठ्या फायटरचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. वर येण्याची वाट बंद झाली तर ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यातही तो गुदमरतो. म्हणजे झोपेतही त्याला मधूनमधून वर यावंच लागतं. झोपेत शरीराची गरज कमी असल्याने दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं, इतकंच.

ही फेरी अंधूक उजेडात नीट पाहण्यासारखी असते. आधी छातीजवळचे दोन छोटे पर थरथरू लागतात. मग कलंडलेलं अंग सरळ होतं. मासा घाई न करता वर सरकतो, तोंडाचं टोक जेमतेम पाण्याबाहेर काढतो, एक घोट हवा घेतो, एखादा बुडबुडा सुटतो, आणि तो पुन्हा त्याच पानावर, बहुधा त्याच बाजूला तोंड करून टेकतो. सगळं काही सेकंदांत उरकतं. जागेपणी हाच मासा वर येतो तेव्हा झटका असतो, आजूबाजूला नजर असते. रात्री त्यातलं काहीच नसतं.

या एका फेरीवरून टाकीची निम्मी मांडणी ठरते. अंथरूण पृष्ठभागाजवळ हवं. रुंद पानाची वनस्पती असेल तर तिचं एखादं पान पाण्याच्या पातळीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर येईल अशी ती बांधावी. अनुबियास यासाठी उत्तम: पान जाड, गुळगुळीत आणि माशाचं वजन पेलणारं. तिचा आडवा कंद वाळूत पुरायचा नाही, पुरला तर सडतो. लाकडाच्या वरच्या टोकाला सुती दोऱ्याने बांधायचा. जावा फर्नही तशीच बांधता येते. बाजारात चूषकाने काचेला चिकटणारं प्लास्टिकचं पान मिळतं, तेही चालतं. फक्त त्याच्या दांड्यात कधी धातूची तार असते. ती उघडी पडली की गंजते, म्हणून घेताना पान वाकवून बघावं, आणि पुढे दर पाणीबदलाला चूषक सुटलाय का तेही बघावं. टोकदार प्लास्टिकची झाडं टाकीत नकोतच. त्यांच्या कडांवरून पायमोजा ओढून पाहिला आणि धागा अडकला, तर माशाचा पर तिथे फाटणार हे नक्की.

तरंगत्या वनस्पती फायटरला फार मानवतात. त्यांच्या मुळांच्या जाळीत अंग टेकवून झोपणं ही त्याची आवडती तऱ्हा. पण पृष्ठभागाचा किमान एक तृतीयांश भाग मोकळा ठेवावा, नाहीतर झोपेतल्या फेरीत त्याला हवेची जागा शोधावी लागते. झाकण हवंच, कारण दचकलेला फायटर उडी मारतो. पण झाकण आणि पाणी यांच्यात तीन-चार सेंटीमीटर हवा राहू द्यावी. ती हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट राहते, हा झाकणाचा दुसरा फायदा.

झोपायच्या तऱ्हा तरी किती! कुणी पानावर पोट टेकवतो. कुणी तळाच्या वाळूत सरळ कुशीवर पडतो. कुणी शेपूट खाली, तोंड वर असा उभा लटकतो, आणि कुणी फिल्टरच्या नळीमागे स्वतःला कोंबून घेतो. या सगळ्या निरोगी तऱ्हा आहेत. एकच जागा धोक्याची: हीटर आणि काच यांच्यामधली फट. तिथे ऊब असते म्हणून मासा जातो, अंग टेकतो, आणि हीटर चालू झाल्यावर सैल पडलेला पर किंवा कूस भाजते. सकाळी एका बाजूचे खवले पांढुरके दिसले आणि आदल्या दिवशी तसं काही नव्हतं, तर आधी हीटरकडे बघावं. हीटरला जाळीचं कव्हर घालावं किंवा तो आडवा, तळाजवळ, काचेपासून इतका दूर लावावा की मागे मासा शिरणारच नाही.

आता उजेड. या विषयाचा गाभा इथेच आहे.

हा मासा मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासचा. भातखाचरं, दलदली, वनस्पतींनी दाटलेलं उथळ संथ पाणी हे त्याचं घर. त्या प्रदेशात दिवस वर्षभर साधारण अकरा ते तेरा तासांच्या आतच असतो. लांबच लांब उन्हाळी संध्याकाळ तिथल्या माशाला ठाऊक नाही. उजेडही थेट डोक्यावर कोसळत नाही, पानांतून गाळून येतो. टाकीत आपण नेमकं उलटं करतो. सकाळी काळोखातून एकदम पांढराशुभ्र एलईडी, रात्री अकरा-बारापर्यंत तोच, आणि बटण दाबताच पुन्हा मिट्ट काळोख.

टाकीचा दिवा दिवसाला आठ ते दहा तास पुरे. बारा तास ही वरची मर्यादा धरावी. त्यापुढे माशाचा फायदा शून्य आणि काचेवर शेवाळ मात्र भरपूर. हे हाताने पाळणं जमत नाही. सुट्टीच्या दिवशी उशीर होतो, पाहुणे आले की दिवा चालूच राहतो. त्यासाठी साधा प्लग-टायमर लावावा. टाकीसाठी घ्यायच्या सगळ्या वस्तूंमध्ये, माझ्या मते, इतक्या कमी पैशांत इतका गुण देणारी दुसरी वस्तू नाही.

क्रमही महत्त्वाचा. सकाळी आधी खोलीत उजेड येऊ द्यावा: पडदा सरकवावा किंवा खोलीचा दिवा लावावा. टाकीचा दिवा त्यानंतर अर्ध्या तासाने लागेल असा टायमर ठेवावा. रात्री उलटा क्रम: टाकीचा दिवा आधी बंद, खोलीचा नंतर. अंधारात झोपलेल्या माशावर एकदम उजेड पडला तर तो दिसेल त्या दिशेला धाव घेतो, लाकडावर आपटतो, खवले निघतात, झाकण उघडं असेल तर बाहेर पडतो. मंद होत जाणारा दिवा असेल तर हे काम आपोआप होतं.

टाकीचा दिवा आधी बंद करायचं आणखी एक कारण आहे, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खोलीत अंधार आणि टाकीत उजेड असला की आतून बघणाऱ्याला काचेचा आरसा होतो. फायटरला समोर दुसरा फायटर दिसतो, तो कल्ले फुलवतो, समोरचाही फुलवतो, आणि ही न संपणारी झुंज आपण टीव्ही बघत असताना दोन-तीन तास चालते. सकाळी मासा मलूल दिसतो आणि शेपटीची कड फाटलेली दिसते. ‘संध्याकाळी फार खेळतो’ असं ज्या फायटरबद्दल सांगितलं जातं त्याच्या खोलीतला दिवा एकदा लावून पाहावा; पुष्कळदा तो खेळ तिथल्या तिथे थांबतो. मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद कागद लावला की एक आरसा कायमचा कमी होतो.

कामावरून रात्री परतणाऱ्यांना संध्याकाळीच मासा बघायचा असतो, हे अगदी मान्य. त्यांनी टायमर दुपारी बारा ते रात्री नऊ असा ठेवावा. पण मग खोलीचा उजेडही हिशेबात धरावा: टाकीचा आणि खोलीचा मिळून जो काही उजेड माशापर्यंत पोचतो, त्याच्याबाहेर किमान दहा तासांचा सलग अंधार उरला पाहिजे. घरात उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर टाकीचा दिवा बंद झाल्यावर टाकीवर जाडसर गडद कापड टाकावं, झाकणाच्या हवेच्या फटी मोकळ्या ठेवून. वेळ बदलायची असेल तर रोज पंधरा-वीस मिनिटांनी सरकवावी. शेवाळ कमी व्हावं म्हणून काही जण दिवसाचे दोन तुकडे करतात, दुपारी तीन-चार तास दिवा बंद ठेवतात. वनस्पतींना ते चालतं. माझा कौल मात्र एकाच सलग दिवसाला, कारण त्याचा ताल माशाला आणि आपल्यालाही ओळखता येतो.

आणि ‘चांदणं’ म्हणून विकला जाणारा निळा दिवा. तो रात्रभर चालू ठेवू नये. मेलाटोनिन दाबण्यात निळ्या उजेडाचा हात सर्वांत पुढे असतो. रात्री मासा तपासायचाच असेल तर लाल, मंद टॉर्च बाजूने, तीही छताकडे रोखून वापरावी. काचेवर टकटक करू नये. माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्यातली कंपनं ओळखणारी रेषा असते, आणि आपल्या बोटाचा हलका आवाज त्याच्या अख्ख्या अंगाला बसतो.

अंधाराच्या नियमाला एक अपवाद आहे. नराच्या बुडबुड्यांच्या घरट्यात अंडी असतील तेव्हा पैदास करणारे रात्री मंद दिवा चालू ठेवतात. खाली पडणारं अंडं किंवा नुकतं फुटलेलं पिल्लू नराला तोंडात धरून परत घरट्यात ठेवायचं असतं, आणि मिट्ट काळोखात ते दिसत नाही. अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात, त्यानंतर दोन-तीन दिवसांत पिल्लं आडवी पोहू लागतात. तेवढे दिवस हा उजेड ठेवायचा, मग नराला वेगळं काढून पुन्हा पूर्ण रात्र द्यायची. त्या काळात तो फारच थोडा विसावतो आणि फारसं खातही नाही, त्यामुळे नंतरचे काही दिवस त्याने झोपून काढले तर काढू द्यावेत.

निरोगी फायटरचा दिवस कसा असतो? खोलीत उजेड आल्यावर तो जागा होतो, पण लगेच कामाला लागत नाही. टाकीचा दिवा लागल्यावर पहिली गस्त: समोरची काच, कोपरा, मग वनस्पतींतून फेरी. दिवा लागल्यावर अर्ध्या तासाने पहिलं खाणं द्यावं. त्याआधी दिलेले दाणे झोपाळू मासा पुष्कळदा चघळून थुंकतो. एक मिलिमीटरचे तीन-चार दाणे, एकेक करून. त्यानंतरचे दोन-तीन तास तो सर्वांत चपळ असतो. कल्ले फुलवून दाखवायचा व्यायाम द्यायचा असेल तर याच वेळी छोटा आरसा एक-दोन मिनिटं धरावा आणि काढून घ्यावा. दुपारी तो मंदावतो, पानावर वीस-तीस मिनिटं टेकतो, उठून एक फेरी मारतो, पुन्हा टेकतो. ही डुलकी असते आणि तिच्यात काळजीचं काही नाही. उत्तर दुपारी पुन्हा हालचाल वाढते. दुसरं खाणं दिवा बंद व्हायच्या निदान दीड-दोन तास आधी उरकावं. अगदी शेवटी दिलेला दाणा माशाने सोडला तर तो रात्रभर तळाशी कुजतो, आणि खाल्लाच तर भरल्या पोटाने तो आडवा होतो. आठवड्यातून एक दिवस उपास पोटाला बरा.

बुडबुड्यांचं घरटं नर कोणत्याही वेळी बांधतो, पुष्कळदा रात्रीतूनच ते तयार झालेलं दिसतं. ते त्याच्या वयात आल्याची खूण आहे. पाणी ठीक असल्याचा दाखला म्हणून त्याच्याकडे बघू नये. खराब पाण्यातही नर घरटं बांधतो.

सगळे फायटर एका मापाने मोजता येत नाहीत. शेपूट एकशे ऐंशी अंशांत उलगडणारा हाफमून जातीचा फायटर, घेर असलेला जड शालू नेसून पाण्यात चालल्यासारखा पोहतो. तो लवकर दमतो आणि दिवसाही जास्त टेकतो. आखूड पराचा प्लाकाट दिवसभर भटकेल. छातीचे पर मोठे असलेला डंबो त्या परांच्याच वजनाने थकतो. जाड खवल्यांच्या ड्रॅगन जातीत वय वाढतं तसे खवले कधी डोळ्यावर चढतात आणि दृष्टी जाते. असा मासा दाण्याकडे वळत नाही, जवळ हात गेला तर फार दचकतो, आणि झोपाळू समजला जातो. त्याला रोज एकाच कोपऱ्यात, पाण्यावर हलकेच बोट टेकवून खाणं द्यावं. कंपनावरून तो जागा शोधायला शिकतो.

झोप मोडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे प्रवाह. दिवसा मासा त्यातून वाट काढतो, पण रात्री त्याला निवांत कोपरा हवा. परीक्षा सोपी आहे. दाणा पाण्यावर टाकावा. तो गरागरा फिरत टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेला तर प्रवाह जास्त आहे. स्पंज फिल्टर फायटरसाठी सर्वांत बरा. एअर पंपच्या नळीवर छोटी चावी बसवून बुडबुडे कमी करता येतात. टांगता फिल्टर असेल तर पाणी पडतं तिथे स्पंजचा तुकडा बांधावा. मात्र रात्री फिल्टर बंद करू नये. अमोनियाचं विघटन करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात आणि वाहतं ऑक्सिजनयुक्त पाणी हाच त्यांचा श्वास. तासन्‌तास बंद राहिलेला फिल्टर सकाळी चालू केला की आत साचलेलं वाईट पाणी टाकीत येतं. एअर पंपाच्या आवाजाची अडचण असेल तर पंप जाड फोमवर ठेवावा, बंद करू नये.

तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सियसच्या दरम्यान स्थिर असावं. सव्वीस-सत्तावीस उत्तम. माशाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, पाण्याचं तापमान तेच त्याचं तापमान. बावीसच्या खाली गेलं की पचन मंदावतं, हालचाल मंदावते, आणि जे दिसतं ते हुबेहूब झोपेसारखं असतं. रात्री एखाद्या अंशाने उतरलं तर बिघडत नाही, चार-पाच अंशांनी उतरणं वाईट. लहान भांड्यात नेमकं हेच होतं: दोन-तीन लिटर पाणी खोलीच्या मागोमाग गार आणि गरम होतं. वीस लिटरची टाकी ही उतरण पुष्कळ सावरते. तिला पन्नास वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. दहा लिटरला पंचवीस वॅट. हीटरवर छापलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर हीटरपासून दूरच्या टोकाला लावावा, आणि निदान एकदा तरी पहाटे, टाकीचा दिवा लागायच्या आधी वाचावा. दुपारचा आकडा सगळीकडे चांगलाच येतो.

शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात. रात्री फिरणारे मासे, मोठे सकर किंवा तळ उकरणारे लोच, फायटरच्या अंगावरून जातात आणि त्याला उठवतात. गोगलगाय निरुपद्रवी असते, पण तीही झोपलेल्या शेपटीवरून चढते. एकाच टाकीत पडदा घालून दोन नर ठेवले असतील तर पडदा पारदर्शक नको. समोर शत्रू दिसत असताना कुठलाच नर निवांत होत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न: झोपला आहे की आजारी आहे? मासा ठीक असतानाच दोन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. दिवसा शांत टेकलेला असताना अर्ध्या मिनिटात कल्ल्यांची झाकणं किती वेळा उघडतात, आणि पाच मिनिटांत तो हवेसाठी किती वेळा वर जातो. हे आकडे प्रत्येक माशाचे वेगळे, म्हणून आपल्याच माशाचे हवेत. पुढे शंका आली की त्यांच्याशी ताडून बघता येतं.

शंका आली तर आधी थर्मामीटर बघावा. मग खोलीचा दिवा लावून पंधरा मिनिटं थांबावं, टाकीचा दिवा लावावा, आणखी पंधरा मिनिटांनी एक दाणा टाकावा. झोपलेला फायटर एवढ्यात सरळ होऊन दाण्यावर येतो. आला नाही तर पर बघावेत: झोपेत ते सैल पडतात, आजारात अंगाला घट्ट चिकटतात. हवेची फेरी बघावी: निरोगी मासा एक घोट घेऊन परततो, त्रासातला तोंड वर लावून तिथेच थांबतो आणि कल्ले भराभर चालतात. असं दिसलं तर पाणी तपासावं. अमोनिया आणि जिवाणू त्यापासून बनवतात तो नायट्राईट, ही दोन्ही विषं शून्य हवीत. काहीही आढळलं तर त्याच दिवशी क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने तीस ते पन्नास टक्के पाणी बदलावं. उठलेला मासा सरळ राहू शकत नसेल, पुन्हा पुन्हा वर तरंगत किंवा खाली बुडत असेल, तर वाताशय (पाण्यात तोल सांभाळणारी माशाच्या पोटातली हवेची पिशवी) बिघडणं किंवा बद्धकोष्ठ यांचा विचार करावा. दोन-तीन दिवस उपास हा पहिला उपाय. वरून पाहताना खवले उभे राहिलेले दिसणं ही ड्रॉप्सीची, म्हणजे अंगात पाणी साचून फुगण्याची, गंभीर खूण. अंगावर तिरपी टॉर्च टाकल्यावर सोनेरी धूळ चमकली तर व्हेल्वेट हा सूक्ष्म परजीवींचा रोग. यांतलं काहीही नुसतं ‘झोपतोय’ म्हणून सोडू नये, आणि यांतलं काहीच नसताना टाकीत औषधही ओतू नये. निरोगी झोपलेल्या माशाला दिलेलं औषध फिल्टरमधले जिवाणू मारून खरा आजार आणू शकतं.

नवीन आणलेला मासा पहिले काही दिवस लपून राहतो, वेळीअवेळी झोपतो, पट्टे दाखवतो. त्या दिवसांत टाकीचा दिवा चार-पाच तासच ठेवावा, देशी बदामाचं एक वाळलेलं पान धुऊन पाण्यात सोडावं. पानातल्या टॅनिनमुळे पाणी चहासारखं तांबूस होतं, उजेड मवाळ होतो आणि मासा लवकर रुळतो.

फायटरचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं, चांगल्या निगराणीत त्याहून थोडं अधिक. दुकानातून येतानाच तो पुष्कळदा वर्षाच्या आसपासचा असतो, त्यामुळे म्हातारपण आपल्या अंदाजापेक्षा लवकर येतं. गस्त आखूड होते, दुपारची डुलकी दोन-तीन तासांची होते, दाणा दिसायला वेळ लागतो. अशा माशाच्या टाकीत पाण्याची पातळी पंधरा-वीस सेंटीमीटरवर आणावी. हीटरची किमान पातळीची खूण पाण्याखालीच राहील आणि फिल्टरचं तोंड उघडं पडणार नाही, एवढं बघावं. झोपायची दोन पानं ठेवावीत, एक पृष्ठभागाजवळ आणि एक मध्यावर, म्हणजे वरपर्यंतची चढण दोन टप्प्यांत होते. प्रवाह आणखी कमी करावा. दाणे आधी मिनिटभर भिजवून द्यावेत आणि चारऐवजी दोन. पाणी थोडं थोडं पण जास्त वेळा बदलावं, कारण पातळी उतरवल्यावर पाणी कमी असतं आणि तेवढ्याच घाणीने अमोनिया लवकर चढतो.